उस्मानाबादचे आकाश आणि हवाई हद्दीची अधिकृत नोंद : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

भूमीवरील सीमा दगड, नाका, नदी किंवा पूल यांनी दाखविता येते. आकाशातील सीमा मात्र केवळ नोंदीनेच अस्तित्वात येते. विमानाच्या उड्डाणाचा आराखडा तयार करताना निषिद्ध, निर्बंधित व धोक्याची क्षेत्रे कोणत्या अधिकृत दस्तऐवजावरून ओळखावयाची, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. परंतु त्यामागे सार्वभौमत्वाचा, कायद्याचा आणि नागरिकांच्या सुरक्षिततेचा दीर्घ इतिहास आहे. प्रस्तुत शोधनिबंधात आजचा धाराशिव, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा केंद्रस्थानी ठेवून १९४८ च्या हैदराबाद प्रश्नापासून आजच्या ड्रोन नियमांपर्यंत या नोंदीची जडणघडण तपासली आहे. जी हवाई बंदी अधिकृतपणे, दिनांकासह आणि सर्वांना वाचता येईल अशा रीतीने प्रसिद्ध होत नाही ती नियम म्हणून टिकत नाही, असे या अभ्यासातून दिसून येते.

बीजसंज्ञा : हवाई हद्द, निषिद्ध क्षेत्र, हवाई माहिती प्रकाशन, नोटॅम, हैदराबाद मुक्तिसंग्राम, उस्मानाबाद, बीदर.

प्रस्तावना

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात हैदराबाद मुक्तिसंग्रामाला महत्त्वाचे स्थान आहे. सत्याग्रह, सरहद्दीवरील कॅम्प, रझाकारांचे अत्याचार आणि सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाई यांवर विपुल लेखन झाले आहे. या लेखनाचा रोख स्वाभाविकपणे जमिनीवरील घडामोडींकडे राहिला. त्याच काळात संस्थानच्या आकाशात काय घडत होते, त्या आकाशावर कोणाचा अधिकार होता आणि तो अधिकार कोणत्या दस्तऐवजात नोंदला गेला होता, या प्रश्नांकडे तुलनेने कमी लक्ष गेले.

या दृष्टीने उस्मानाबाद जिल्ह्याचे स्थान लक्षणीय आहे. नकाशावर मुंबई आणि हैदराबाद ही दोन शहरे सरळ रेषेने जोडली असता ती रेषा तुळजापूर व धाराशिव यांच्या परिसरावरून जाते. प्रत्यक्ष हवाई मार्ग अगदी याच रेषेवर आखलेले असतात असे नाही; तथापि पश्चिम किनारा आणि दख्खनचे पठार यांना जोडणाऱ्या हवाई वाहतुकीच्या पट्ट्यात हा जिल्हा येतो, हे भौगोलिक सत्य आहे. सोलापूर–नळदुर्ग–उमरगा–जहीराबाद–हैदराबाद हा जमिनीवरील रस्ताही याच पट्ट्यातून जातो. जिल्ह्याच्या पूर्वेला लागून बीदर जिल्हा असून तेथील धावपट्टी १९४८ मध्येही महत्त्वाची होती आणि आजही आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) संस्थानी काळातील हवाई सार्वभौमत्वाचा प्रश्न समजून घेणे.
२) १९४८ च्या घटनांमध्ये हवाई हद्दीच्या नोंदीचा अभाव कसा प्रकट झाला ते तपासणे.
३) भारतातील विशेष वापराच्या हवाई क्षेत्रांच्या अधिकृत संदर्भांची रचना स्पष्ट करणे.
४) या संदर्भांचे आजच्या ग्रामीण जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्व व मर्यादा मांडणे.

सदर अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. पोलीस कारवाईपूर्वी रझाकारांनी केलेले अत्याचार आणि कारवाईनंतर उसळलेली हिंसा, हे दोन्ही उस्मानाबाद जिल्ह्याने सोसले. तो विषय स्वतंत्र व गंभीर अभ्यासाचा असून प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे.

१. आकाशावरील सत्ता : कायदेशीर पार्श्वभूमी

विमानाचा शोध लागल्यानंतर अल्पावधीतच आकाश कोणाचे, हा प्रश्न उपस्थित झाला. समुद्राप्रमाणे आकाशही सर्वांना मोकळे असावे, असे मानणारा एक विचारप्रवाह प्रारंभी होता. पहिल्या महायुद्धातील बॉम्बफेकीने तो मागे पडला. १३ ऑक्टोबर १९१९ रोजी स्वाक्षरी झालेल्या पॅरिस कराराने प्रत्येक सत्तेला आपल्या प्रदेशावरील आकाशात पूर्ण व अनन्य सार्वभौमत्व असल्याचे मान्य केले आणि लष्करी कारणासाठी अथवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी काही क्षेत्रांवरून उड्डाणास मनाई करण्याचा अधिकारही दिला.

हेच तत्त्व ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे संमत झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराने अधिक काटेकोर केले. हा करार ४ एप्रिल १९४७ रोजी अंमलात आला. त्याच्या पहिल्या कलमात सार्वभौमत्व, तर नवव्या कलमात निषिद्ध क्षेत्रांची तरतूद आहे. नवव्या कलमातील तीन अटी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. निषिद्ध क्षेत्राचा विस्तार व स्थान वाजवी असावे. मनाई करताना स्वदेशी आणि परदेशी नियमित विमानसेवांत भेदभाव नसावा. आणि अशा क्षेत्रांचे वर्णन इतर सदस्य राष्ट्रांना व आंतरराष्ट्रीय संघटनेला शक्य तितक्या लवकर कळवावे. म्हणजेच मनाई करण्याच्या अधिकाराबरोबर ती जाहीर करण्याचे कर्तव्यही त्याच कलमात घातले गेले.

हिंदुस्थानात या विषयावरील पहिला कायदा १९११ चा इंडियन एअरशिप्स ॲक्ट होय. १९२७ मध्ये नागरी विमान वाहतुकीचे स्वतंत्र खाते निर्माण झाले. पुढे १९३४ चा विमान कायदा आणि त्याखालील १९३७ चे विमान नियम आले. या नियमांतील बारावा नियम निषिद्ध क्षेत्रांविषयी असून क्षेत्रांची यादी नियमांना जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत देण्यात आली. चुकून अशा क्षेत्रावर आलेल्या वैमानिकाने ते लक्षात येताच संकटाचा संकेत द्यावा आणि क्षेत्राबाहेरील नजीकच्या विमानतळावर उतरावे, असा दंडक त्यात आहे. मुंबईच्या मलबार हिलवरील पारशी समाजाच्या दोखम्यांचा या यादीत समावेश आहे, तसाच तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचाही. एका समाजाच्या अंत्यविधीचे पावित्र्य आणि राष्ट्राची अणुभट्टी या दोहोंचे रक्षण एकाच अनुसूचीने व्हावे, यातून या नोंदीचे सामाजिक अंग लक्षात येते. विशेष वापराचे हवाई क्षेत्र म्हणजे केवळ लष्कराची राखीव जागा, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते.

२. संस्थानचे आकाश

१९३४ चा कायदा मुख्यतः ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता. सोलापूर व बार्शी ब्रिटिश मुलखात, तर नळदुर्ग, तुळजापूर, उस्मानाबाद, उमरगा निजामाच्या मुलखात होते. बार्शी तालुका तर बहुतांशी संस्थानी गावांनी वेढलेला होता. जमिनीवर ही सरमिसळ करोडगिरीच्या नाक्यांनी सांभाळली जाई. आकाशात नाका नव्हता. सोलापूर ते नळदुर्ग हे सुमारे ४५ किलोमीटरचे अंतर विमान काही मिनिटांत कापते. त्या अवधीत ते एका कायद्याच्या अमलातून दुसऱ्या सत्तेच्या आकाशात शिरत असे.

हैदराबाद संस्थानाने विमान वाहतुकीत लवकर रस घेतला होता. बेगमपेठ येथे विमानतळ उभा राहिला आणि संस्थानच्या रेल्वे खात्यानेच हवाई वाहतुकीचा विभाग चालविला. १९४५ मध्ये संस्थान आणि टाटा यांच्या सहकार्याने डेक्कन एअरवेज ही कंपनी स्थापन झाली. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. यावरून संस्थानला आपले आकाश हे आपल्या राजसत्तेचे एक अंग वाटत होते, असे म्हणता येईल.

ब्रिटिश सत्ता संपुष्टात आल्यानंतर हा प्रश्न तीव्र झाला. भारत सरकारने संस्थानांपुढे ठेवलेल्या सर्वसाधारण जैसे थे कराराच्या परिशिष्टात समान हिताच्या विषयांची यादी होती. त्या यादीचा आरंभ हवाई दळणवळणापासून होत होता आणि लगेच त्यानंतर शस्त्रास्त्रे व साधनसामग्री हा विषय होता. हैदराबादशी २९ नोव्हेंबर १९४७ रोजी झालेला जैसे थे करार मात्र स्वतंत्र मसुद्याचा होता. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण यांसह समान हिताच्या बाबतींत १५ ऑगस्ट १९४७ पूर्वीची व्यवस्था एक वर्षासाठी पुढे चालू राहील, असे त्यात ठरले. जुनी व्यवस्था चालू राहील हे त्यात स्पष्ट झाले. परंतु दोन नव्या सत्तांमध्ये आकाशातील कोणती वाट कोणी, केव्हा आणि कोणाच्या परवानगीने वापरावी, याचे सर्वांना मान्य होणारे उत्तर त्या मोघम शब्दांतून मिळत नव्हते.

३. १९४८ : नोंद नसलेली उड्डाणे

ही पोकळी १९४८ च्या उन्हाळ्यात उघडी पडली. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक लँकेस्ट्रियन जातीच्या विमानांतून कराचीहून हैदराबाद संस्थानात शस्त्रे आणू लागला. बीदर व वरंगळ येथील धावपट्ट्यांचा त्यासाठी वापर झाला. ही उड्डाणे मुख्यतः रात्री होत. हैदराबाद संस्थान चोहोबाजूंनी भारतीय प्रदेशाने वेढलेले असल्याने कराचीहून बीदरला येणाऱ्या विमानाला भारताच्या भूमीवरून उडण्यावाचून मार्गच नव्हता. त्यामुळे प्रत्येक फेरीत भारताच्या हवाई सार्वभौमत्वाचा भंग होत होता.

भारत सरकारने याबाबत ब्रिटन व पाकिस्तान यांच्याकडे निषेध नोंदविला. परंतु रात्रीच्या वेळी येणारे विमान शोधून अडविण्यासाठी लागणारी रडार यंत्रणा दख्खनवर नव्हती. कायद्याने आकाश भारताचे होते, पण त्यात कोण येते आणि कोण जाते याची नोंद भारताजवळ नव्हती. पुढे कॉटनला ब्रिटनमध्ये हवाई वाहतुकीच्या नियमांचा भंग केल्याबद्दल अवघा २०० पौंड दंड झाला. एका प्रदेशाच्या भवितव्याशी निगडित असलेली कृती अखेरीस परवाना आणि उड्डाणाच्या नियमांच्या भंगात मोजली गेली, ही बाब या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नये अशी आहे.

२१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने आपला प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे नेला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली. सोलापूरकडून निघालेल्या मुख्य फौजेने पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळील बोरी नदीवरील पूल उडविला जाण्यापूर्वी ताब्यात घेतला. दुसऱ्या तुकडीने पहाटे तुळजापूर गाठले. तेथे हैदराबाद इन्फन्ट्रीची एक तुकडी व सुमारे २०० रझाकार यांनी दोन तास प्रतिकार केला. मुख्य फौज जळकोटमार्गे दुपारी सव्वातीनच्या सुमारास संस्थानच्या हद्दीत ६१ किलोमीटर आत असलेल्या उमरग्याला पोहोचली.

हवाई सामर्थ्याचा निर्णायक वापर दुसऱ्या दिवशी झाला. १४ सप्टेंबर रोजी उमरग्याहून पूर्वेकडे सुमारे ४८ किलोमीटरवरील राजेश्वरकडे फौज निघाली. हवाई टेहळणीत वाटेवर दबा धरण्याची मोर्चेबंद ठाणी दिसून आली. तेव्हा तत्कालीन रॉयल इंडियन एअर फोर्सच्या टेम्पेस्ट विमानांनी त्यांवर हल्ले केले. मार्ग मोकळा झाला आणि दुपारपर्यंत राजेश्वर ताब्यात आले. १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती जाहीर केली. १८ सप्टेंबर रोजी जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे औपचारिक शरणागती पत्करली.

या घटनाक्रमाचा प्रस्तुत विषयाच्या अंगाने विचार केला असता असे दिसते की, त्या चार महिन्यांत एकाच पट्ट्यातील आकाशाचे तीन प्रकारचे वापर झाले : नियमित नागरी सेवा, चोरटी शस्त्रवाहतूक आणि लष्करी कारवाई. या तिन्ही वापरांना परस्परांपासून वेगळे करणारी, सर्वांना बंधनकारक अशी एकही नोंद नव्हती. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर ते आकाश विशेष वापराचे झाले होते, पण तसे जाहीर झालेले नव्हते.

४. अधिकृत संदर्भांची आजची रचना

शिकागो कराराच्या पंधराव्या परिशिष्टाने १९५३ पासून हवाई माहिती सेवेला आंतरराष्ट्रीय स्वरूप दिले. भारतात हे काम आज भारतीय विमानतळ प्राधिकरण करते. १ एप्रिल १९९५ रोजी स्थापन झालेल्या या प्राधिकरणाकडून हवाई माहिती प्रकाशन, म्हणजेच एआयपी इंडिया प्रसिद्ध होते. त्याचे सर्वसाधारण माहिती, मार्गविषयक माहिती आणि विमानतळ असे तीन भाग आहेत. उड्डाणाचा आराखडा करणाऱ्याच्या दृष्टीने मार्गविषयक भागातील पाचवा विभाग कळीचा होय. त्याच्या पहिल्या उपविभागात निषिद्ध, निर्बंधित व धोक्याची क्षेत्रे, दुसऱ्यात लष्करी सराव व प्रशिक्षण क्षेत्रे आणि पुढील उपविभागांत इतर धोक्याच्या हालचाली, अडथळे, हवाई क्रीडा आदींची नोंद असते.

या तीन संज्ञांतील फरक नीट समजून घेणे आवश्यक आहे. निषिद्ध क्षेत्रात उड्डाणास मनाई असते. निर्बंधित क्षेत्रात ठरावीक अटी पाळून उड्डाण करता येते. धोक्याच्या क्षेत्रात ठरावीक वेळी उड्डाणाला अपायकारक हालचाली चालू असू शकतात, अहिल्यानगरजवळील के. के. रेंजसारख्या गोळाबाराच्या सराव क्षेत्रावरून हा धोका कोणत्या प्रकारचा असतो याची कल्पना येईल. प्रत्येक क्षेत्राच्या नोंदीत त्याची ओळखसंज्ञा, सीमेचे अक्षांश-रेखांश, खालची व वरची उंची आणि वेळ किंवा स्वरूप यांविषयीचा शेरा असतो. ओळखसंज्ञेच्या प्रारंभीची अक्षरे विभाग सांगतात. मुंबई विभागासाठी ‘व्हीए’ आणि चेन्नई विभागासाठी ‘व्हीओ’ ही अक्षरे आहेत. सोलापूर व लातूर येथील विमानतळांचे आंतरराष्ट्रीय संकेत ‘व्हीए’ने, तर बीदरचा ‘व्हीओ’ने सुरू होतो. जुन्या संस्थानात एकत्र असलेला हा मुलूख आज विमान वाहतुकीच्या वर्गीकरणात अशा रीतीने दोन विभागांत नोंदला गेला आहे.

एआयपी हा स्थायी संदर्भ होय. मात्र आकाशातील परिस्थिती सतत बदलते. म्हणून महत्त्वाचे बदल २८ दिवसांच्या आंतरराष्ट्रीय चक्रानुसार, आधी ठरलेल्या दिनांकांना अंमलात येतात आणि ते संबंधितांच्या हाती किमान २८ दिवस आधी पडावेत अशी अपेक्षा असते. तात्पुरते दीर्घ बदल पुरवणीद्वारे, तर तातडीचे बदल नोटॅमद्वारे कळविले जातात. नोटॅममध्ये ठिकाण, आरंभ, समाप्ती, वेळापत्रक, मजकूर आणि खालची-वरची उंची यांसाठी इंग्रजी वर्णमालेतील ए ते जी या अक्षरांनी दर्शविलेल्या ठरावीक जागा असतात. ही रचना रूक्ष वाटली तरी कोणत्या आकाशात, किती उंचीपर्यंत, कधीपासून कधीपर्यंत आणि कोणाच्या अधिकाराने, या प्रश्नांना उत्तर देण्यासाठीच ती घडली आहे. १९४८ मध्ये नेमकी हीच उत्तरे नव्हती.

याशिवाय भारतात उड्डाणाच्या आराखड्याला संरक्षणाची आणखी एक कडी जोडलेली आहे. अनियमित उड्डाणांना हवाई दलाकडून हवाई संरक्षण मंजुरी क्रमांक आणि उड्डाण माहिती केंद्राचा क्रमांक घ्यावा लागतो. विमान कोणाचे, कोठून निघाले आणि कोठे जाणार, हे आकाशात शिरण्यापूर्वीच नोंदले जाते.

मोबाईलवरील नकाशे, खासगी उपयोजने किंवा जुनी छापील चार्ट्स अभ्यासाला साहाय्यक ठरतात. परंतु ती अधिकृत संदर्भाची जागा घेऊ शकत नाहीत. नकाशा कितीही सुबक असला तरी त्यावर अंमलाचा दिनांक आणि जबाबदार संस्थेचा अधिकार नसेल, तर उड्डाणाच्या आराखड्यात त्यावर विसंबता येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला दुय्यम साधन आणि मूळ दस्तऐवज यांतील भेद परिचित आहे. येथेही तोच भेद लागू होतो, फक्त येथील चुकीची किंमत वेगळी असते.

५. बीदर : जुनी धावपट्टी, नवा वापर

१९४८ मध्ये चोरट्या शस्त्रवाहतुकीमुळे गाजलेले बीदर पुढे भारतीय हवाई दलाच्या प्रशिक्षणाचे केंद्र बनले. सूर्यकिरण या हवाई कसरतींच्या पथकाची स्थापना १९९६ मध्ये येथेच झाली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये हॉक ही प्रगत प्रशिक्षण विमाने येथे दाखल झाली. २०२० मध्ये तेथून नागरी प्रवासी सेवेलाही आरंभ झाला.

प्रशिक्षण तळाचे आकाश हे विशेष वापराच्या क्षेत्राचे उत्तम उदाहरण आहे. शिकाऊ वैमानिक वारंवार दिशा व उंची बदलतो, कसरती करतो, वेगाने खाली-वर होतो. सरळ रेषेत ठरावीक उंचीवरून जाणाऱ्या प्रवासी विमानाला त्याच्या हालचालींचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून अशा तळांच्या परिसरात प्रशिक्षणासाठी आकाशाचा भाग राखावा लागतो आणि तो कागदावर काटेकोर आखावा लागतो. पूर्वी जेथे दोन सत्तांच्या दाव्यांमुळे संघर्ष होता, तेथे आज एकाच सत्तेच्या दोन गरजांमध्ये, म्हणजे संरक्षण आणि नागरी वाहतूक यांच्यात, वाटणी करावयाची आहे.

ही वाटणी कायमची असावी की लवचिक, हा अलीकडच्या काळातील धोरणात्मक प्रश्न होय. भारताने २०१४ मध्ये हवाई क्षेत्राच्या लवचिक वापराची संकल्पना औपचारिकपणे स्वीकारली. लष्कराला गरज नसलेल्या वेळी राखीव आकाशातून नागरी विमानांना सशर्त मार्ग खुले करावेत, असे तिचे सूत्र आहे. १६ मे २०२० रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी देशाचे केवळ ६० टक्के आकाश मुक्तपणे उपलब्ध असल्याचे सांगून निर्बंध शिथिल केल्यास विमान वाहतुकीचे वार्षिक सुमारे १००० कोटी रुपये वाचतील, असा अंदाज मांडला होता. लवचिक वापर वाढला की नोंदीचे महत्त्व आणखी वाढते. कारण काल बंद असलेली वाट आज खुली आणि उद्या पुन्हा बंद असू शकते.

६. नोंदीच्या मर्यादा

अधिकृत नोंद आवश्यक असली तरी ती पुरेशी असतेच असे नाही. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात एका अँटोनोव्ह विमानातून शस्त्रे टाकण्यात आली. ते विमान १९४८ च्या लँकेस्ट्रियनप्रमाणे नोंदीबाहेरचे नव्हते. ते रीतसर उड्डाणाचा आराखडा देऊन भारतात आले होते आणि वाटेत मार्ग सोडून त्याने हे कृत्य केले. पुढे परतीच्या प्रवासात त्याला मुंबईत उतरविण्यात आले. आराखडा कागदावर असणे आणि विमान त्यानुसार उडते की नाही याची खातरजमा होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नोंद अपुरी असल्यासही अनर्थ होतो. जुलै २०१४ मध्ये पूर्व युक्रेनवरील आकाश ३२,००० फुटांपर्यंत बंद असल्याचे जाहीर झाले होते. १७ जुलै रोजी मलेशिया एअरलाइन्सचे विमान त्याहून १,००० फूट वर, म्हणजे नियमानुसार खुल्या आकाशात, ३३,००० फुटांवर उडत असताना क्षेपणास्त्राने पाडले गेले व २९८ जणांचा मृत्यू झाला. वैमानिकांनी अधिकृत संदर्भ पाळला होता. संदर्भाने धोक्याची खरी उंची सांगितलेली नव्हती. म्हणून अशा नोंदीची सत्यता ही ती प्रसिद्ध करणाऱ्या सत्तेची नैतिक जबाबदारीही ठरते.

७. ड्रोन आणि जिल्ह्याचे आकाश

आजवर उड्डाणाचा आराखडा हा वैमानिक आणि नियंत्रक यांच्यापुरता विषय होता. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनी ही स्थिती बदलली. त्यानंतर २४ सप्टेंबर २०२१ रोजी देशाचा हवाई क्षेत्र नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात हिरवे, पिवळे व लाल असे तीन विभाग आहेत. लाल किंवा पिवळ्या म्हणून घोषित नसलेल्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंतचे आकाश हिरवे मानले जाते. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची, तर लाल विभागात केंद्र सरकारची परवानगी लागते. तातडीच्या प्रसंगी पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल विभाग घोषित करू शकतो. प्रत्येक उड्डाणापूर्वी अशी सूचना आहे का, हे डिजिटल स्काय या शासकीय संकेतस्थळावर पाहणे ड्रोन चालकावर बंधनकारक करण्यात आले.

या तरतुदीमुळे तुळजापूरच्या यात्रेचे चित्रीकरण करणारा छायाचित्रकार, उमरगा तालुक्यात पिकावर फवारणी करणारा शेतकरी किंवा नमो ड्रोन दीदी योजनेतील बचत गटाची सदस्य हे सर्व हवाई हद्दीच्या कायद्याच्या कक्षेत आले. मात्र एआयपी व नोटॅम इंग्रजीत असून त्यांची भाषा संक्षेपांची आहे. पूर्वी सरकारी हुकूम गावात दवंडीने कळे. आकाशाच्या हुकमाची दवंडी अद्याप मराठीत पिटली गेलेली नाही.

याचा परिणाम २०२४ च्या पावसाळ्यात दिसून आला. मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्राच्या काही ग्रामीण भागांत रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्यांनी व अफवांनी घबराट पसरली, गावकऱ्यांनी रात्रीची गस्त घातली. आपल्या गावावरचे आकाश कोणत्या विभागात मोडते, तेथे रात्री उड्डाणाला परवानगी आहे का आणि ते कोणाला विचारावे, याची माहिती सामान्य माणसाला नसणे हे अशा घबराटीचे एक कारण होय. रात्रीच्या आकाशातील अनोळखी आवाजाने अस्वस्थ होण्याचा अनुभव या मुलखाने शहात्तर वर्षांपूर्वी वेगळ्या संदर्भात घेतला होता. तेव्हा नोंदच नव्हती. आज नोंद आहे, पण ती गावापर्यंत पोहोचलेली नाही.

निष्कर्ष

१) हैदराबाद प्रश्नात हवाई सार्वभौमत्व हा दुय्यम मुद्दा नव्हता. जैसे थे कराराची मोघम भाषा आणि उड्डाणांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेचा अभाव यांमुळे कराची–बीदर शस्त्रवाहतूक शक्य झाली.

२) विशेष वापराच्या हवाई क्षेत्राला वैधता मिळते ती केवळ सत्तेच्या घोषणेने नव्हे. सीमा, उंची, वेळ आणि अंमलाचा दिनांक यांसह अधिकृत प्रसिद्धी हे तिचे अविभाज्य अंग आहे. शिकागो करारातील नववे कलम याच तत्त्वावर उभे आहे.

३) उड्डाणाचा आराखडा करताना एआयपी, त्याच्या दुरुस्त्या व पुरवण्या आणि चालू नोटॅम हेच प्रमाण संदर्भ होत. पुरुलिया आणि पूर्व युक्रेन येथील घटना असे दर्शवितात की, या संदर्भांना देखरेखीची आणि प्रामाणिकपणाची जोड आवश्यक आहे.

४) १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ अंमलात येऊन १९३४ चा कायदा इतिहासजमा झाला. कायद्याच्या या नूतनीकरणाबरोबरच जिल्हा पातळीवर हवाई क्षेत्राच्या विभागांची मराठीतून माहिती देण्याची व्यवस्था झाली पाहिजे. जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस अधीक्षक कार्यालय व कृषी विभाग यांच्या सहकार्याने हे काम अल्प खर्चात होऊ शकते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी बोरी नदीवरील पूल वेळेत हाती आल्याने फौजेची वाट मोकळी झाली. आकाशात असा पूल नसतो. तेथे वाट मोकळी आहे की बंद, हे सांगणारी एकच खूण असते, आणि ती म्हणजे अधिकृतपणे लिहिलेली, वेळेवर सुधारलेली व ज्याच्यासाठी लिहिली त्याला वाचता येणारी नोंद.